रिपोर्ट काकूंचा होता

२०१६ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सिंगापुरातल्या क्लेमेंटी भागातल्या एका फ्लॅटमध्ये, मास्तरीणकाकूंवर अन्याय झाला. करणारे सगळे घरचेच. त्यात मीही होते.

मी त्यांच्याकडे भाड्याच्या खोलीत राहत होते. मेंदूच्या एमआरआयवरून स्मृतिभ्रंश लवकर ओळखायला संगणकाला शिकवायचं, हे माझं विद्यापीठातलं काम. काकू आमच्याकडे त्याच तपासणीला आल्या, तेव्हा फॉर्म मीच भरला. रिपोर्ट कुठे पाठवायचा, या रकान्यात त्यांच्या मुलाचा, निखिलदादाचा, ईमेल लिहिला. काकूंना विचारलंसुद्धा नाही. आपल्याकडे विचारतं कोण? म्हाताऱ्या माणसाचा पत्ता म्हणजे मुलाचा पत्ता!

खरं तर आपल्या वतीने कोणी बोललेलं काकूंना खपत नसे. मिरजेच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेलं. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, सुनेने त्यांच्यासाठी कमी साखरेची कॉफी सांगितली, की त्या काउंटरशी पुढे होत. "अंकल, आय टेल. फुल शुगर!" सून कपाळाला हात लावी.

माझ्या संगणकाचीही त्यांनी परीक्षा घेतली. "हजारो मेंदू बघून शिकतो म्हणतेस. उत्तराच्या पायऱ्या दाखवतो का?"

"नाही काकू, नुसतं उत्तर देतो."

"मग निम्मे मार्क काप त्याचे."

काकूंच्या स्कॅनवर त्याने दिलेलं उत्तर मात्र बरोबर होतं. डॉक्टरांनीही स्कॅन पाहून सांगितलं, स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालीय. दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादाने रिपोर्ट छापला आणि कपाटात ठेवला. "आईला कशाला टेन्शन?" मी मान डोलावली. काकूंना सांगितलं, सगळं ठीक आहे.

वर्षभराने पासपोर्ट शोधताना तो कागद त्यांच्या हाती लागला. आम्हा दोघांना त्यांनी समोर उभं केलं.

"डोकं माझं, आणि वाचलं तुम्ही?"

"आई, तुला त्रास नको म्हणून..."

"त्रास माझाच ना? इथे राहायचं की मिरजेला बहिणीकडे, हे मला ठरवायचं होतं रे. डोकं चालत होतं तेव्हा."

मग त्या ठरवायला बसल्या. वहीत मधोमध रेघ मारली. एकीकडे मिरज, दुसरीकडे सिंगापूर. चार ओळी लिहून थांबायच्या आणि मला विचारायच्या, "हे कशाचं मांडलंय गं मी?" तीन आठवडे हेच चाललं. शेवटी दादाने ठरवलं. ते चांगलं ठरलं की वाईट, ठाऊक नाही. काकूंनी ठरवलेलं नव्हतं, एवढं नक्की.

तुमच्या घरी असा कागद असेल, तर तो तुम्ही मायेनेच लपवला असणार. आम्हीही मायेनेच लपवला होता. आज चहाला बसाल, तेव्हा टीव्ही बंद करा, आणि तो ज्यांचा आहे त्यांच्या हातात द्या.