मलकपेठचे टायर

नव्या रबराचा वास आला की मला हैदराबादच्या मलकपेठमधलं ते टायरचं दुकान आठवतं. पुण्याहून हैदराबादला येऊन आम्हाला चार वर्षं झाली होती. नवऱ्याच्या लाडक्या लाल स्पोर्ट्स कारचे मागचे टायर पार गुळगुळीत झाले होते. बाहेर ऊन रणरणत होतं, आत हवेचा पंप धडधडत होता. म्हातारा दुकानदार एकेक टायर फिरवून त्यावरची नक्षी हौसेने दाखवत होता. मी म्हटलं, "पावसात न घसरणारे घेऊ, टिकतीलही." नवरा म्हणाला, "कशाला? स्वस्तातले चालतील, गाडी विकायचीय. पुढच्या महिन्यात मी कॅनडाला चाललोय." मला हे तिथेच कळलं. दुकानदाराने हसून विचारलं, "मॅडम भी जारे ना साब?" टायरवरची नजर न उचलता नवरा म्हणाला, "नहीं, वो इधरही रहेगी." म्हाताऱ्याचं हसू मावळलं. त्याने माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं, पण मी बसले नाही. टायर बसेपर्यंत तासभर उभीच राहिले. नवऱ्यावरचा राग आता निवलाय. स्वतःवरचा मात्र जात नाही, कारण त्यानंतर मी मुकाट्याने त्याच्या शेजारी बसले, पट्टा लावला आणि त्याने विचारल्यावर जेवायला काय करणार तेही सांगितलं.