सेनापतीची उरलेली गोष्ट

बाड हॉम्बुर्गच्या एका इंडियन रेस्टॉरंटात भांडी घासणाऱ्या सीरियन म्हाताऱ्याचे उपकार आधी सांगतो, मग काय घडलं ते. मी त्यांना चाचा म्हणायचो. ते नसते तर मी केव्हाच कोकणात परत जाऊन भावाच्या ओट्यावर मान खाली घालून बसलो असतो.

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्ड कप झाला, त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी तिथे मुख्य आचारी होतो. शिक्षण आठवीपर्यंत, पण ग्रेव्ही माझ्याच हातची लागायची. मग मालकाने पुण्याहून हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला शेफ आणला. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "काका, उद्यापासून तुम्ही कांदा-टोमॅटोचं बघा. ग्रेव्ही माझ्याकडे."

मी जेमतेम चाळिशीचा. काका!

"मालकांना विचारलंस का?"

"त्यांनीच सांगितलंय. टेन्शन नका घेऊ हो."

आठवडाभर कांदे चिरले. रडायला वेगळं कारण लागलं नाही. मग राजीनामा लिहिला. आमच्याकडे राजीनामा म्हणजे रुसणं. मुंबईच्या हॉटेलात दोनदा दिला होता, दोन्ही वेळा शेठनी चहा पाजून परत आणलं. इथला मालकही आपल्याकडचाच, समजूत काढेल, असं धरून चाललो. आधी सोडून गेलेल्या वेटरच्या कागदावरून दोन जर्मन ओळी उतरवल्या, सही ठोकली. वर ऑफिसात कागद चाचाच नेत, म्हणून त्यांच्या हातात दिला. स्वतः जायची छाती नव्हती.

दुपारच्या सुट्टीत ते मागच्या दाराशी बसले होते.

"दिलात?" मी विचारलं. आमचं बोलणं मोडक्या जर्मनमध्ये चालायचं.

"बस. आमच्या शहरात कुणाची कबर आहे, ठाऊक आहे?"

ठाऊक होतं. इस्लामच्या पहिल्या काळातला सेनापती, एकही लढाई न हरलेला. मदरशात मौलवीसाहेब त्याच्या मोडलेल्या तलवारींचं सांगत आणि आम्ही पोरं पट्ट्या घेऊन एकमेकांवर तुटून पडायचो.

"पुढे काय झालं त्याचं?" चाचांनी विचारलं.

"काय होणार? जिंकला."

"पुढे खलिफाने त्याला काढला."

हे मी ऐकलंच नव्हतं. शाळेसारखा मदरसाही मी अर्ध्यातच सोडलेला.

चाचांनी सांगितलं. ऐन मोहिमेत मदिनेहून पत्र आलं, सेनापतिपद दुसऱ्याला द्या. लोक विजयाचं श्रेय अल्लाऐवजी या माणसाला देऊ लागले, ही खलिफाची काळजी. नव्या सेनापतीलाच संकोच वाटला. काही लोक सांगतात, लढाई संपेपर्यंत त्याने पत्र लपवून ठेवलं. कळल्यावर जुना रुसला नाही, नव्याच्या हाताखाली लढत राहिला. अंगभर जखमा, आणि मेला मात्र खाटेवर, रणात मरण आलं नाही म्हणून हळहळत.

"त्याला वाईट वाटलं नसेल?"

"वाटलं असेल ना! माणूसच तो. पण घोडा सोडला नाही."

मग त्यांनी ॲप्रनच्या खिशातून माझा कागद काढला. दिलाच नव्हता.

"मालक तुमच्याकडचा असेल, कागद जर्मन आहे. वर पोचला की संपलं. मनवायला कुणी येत नाही. तुझ्या व्हिसावर याच हॉटेलचं नाव आहे, गेनाऊ, बरोबर ना? मग थेट विमानतळ."

गावाकडे दोन मुली शिकत होत्या.

"फाडा ना, चाचा."

"तू फाड. सही तुझी आहे."

फाडला. सुट्टी संपली, पुन्हा कांद्यांपुढे उभा राहिलो.

"काका, बारीक हं," शेफ म्हणाला.

"बारीकच आहे, बाबा."

ग्रेव्ही परत मिळाली नाही. संध्याकाळ झाली की खांदे भरून येतात, मान वळत नाही. पण धाकटीसुद्धा आता कॉलेजात आहे.

चाचांना त्यांच्या देशात पाय ठेवता येत नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. मला जाता येईल. एक दिवस जाईन, त्या कबरीपाशी चाचांचा सलाम पोचवीन, आणि त्यांच्या गल्लीत कोण कोण उरलंय ते बघून, परत येऊन त्यांना सगळं सांगेन. जाणार म्हणजे जाणार, चाचा.