बपेऱ्याला नेलेली फटफटी

दिवाकर गेल्याचं मला पाच दिवसांनी कळलं, आणि तेही फॅक्टरीच्या बसमध्ये. आंधळगावकडचा एक फिटर पुढच्या सीटवर होता. जवाहरनगरचं गेट आलं तसा तो उठला आणि डबा काखेत धरत म्हणाला, "यशवंतभाऊ, तुमच्या गावचा दिवाकर गेला. कावीळ झाली होती. तुमाले तर माहीतच असन." मला माहीत नव्हतं. पहिलीपासूनचा दोस्त, आणि त्याच्या घरून एक निरोप नाही... निरोप का आला नाही, ते पुढे कळलं, म्हणून तर हे लिहायला बसलो. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं असा रिवाज आहे. चांगलं लिहिणार आहेच. पण तेवढंच लिहिलं तर खोटं होईल, आणि खोटं या दोस्तीत आधीच पुष्कळ झालं.

आंधळगावच्या शाळेत आम्ही एका पट्टीवर बसायचो. त्यांची धानाची शेती, घर भर गावात. आमचं घर गावाच्या टोकाला. आमच्याकडे छप्पन साली दीक्षा घेतली, आईने घरातले देव बाहेर काढले, पण गावाने आम्हाला होतो तिथेच ठेवलं. दिवाकर मात्र शाळा सुटली की सरळ आमच्या चुलीपाशी. "मावशी, मासोळी आनली का आज?" तळ्याच्या मासोळीचा रस्सा आई असा करायची की हा बोटं चाटून ताट धुवायला टाकायचा. मुंडक्याच्या तुकड्यावरून आम्ही भांडायचो आणि आई तो त्यालाच द्यायची. मी रुसलो की म्हणायची, "खाऊ दे रे, त्याच्या घरी भेटत नाही त्याले." मी त्याच्या घरी कधी जेवलो नाही. लहानपणी ते ध्यानात आलं नाही, मोठेपणी मी ध्यानात आणलं नाही.

फॅक्टरीत लागल्यावर मी आईबाबांना क्वार्टरवर घेऊन आलो, आणि चार वर्षांनी फटफटी घेतली. लालभडक. तिच्यावर मागे पहिला बसला तो दिवाकर. भंडाऱ्यापर्यंत गेलो, चहा प्यालो, परत आलो, आणि सारा रस्ता हा पोऱ्यासारखा ओरडत होता. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याचं लग्न ठरलं, नवरी बपेऱ्याची. "घोडा-बिडा नाही पाहिजे," म्हणाला. "मी तुझ्या फटफटीवर मांडवात जातो. बपेऱ्यानं पाहून राहावं." मी म्हटलं, मग मी सकाळीच चालवत आणतो. तर म्हणे, "नाही बे. त्या फुफाट्यात गाडीचं भूत होते. मेटाडोरमंधी टाकून नेऊ. बांधशील तूच. तुझ्याशिवाय मले कोनाचाच भरवसा नाही." आता बोला! एवढं ऐकल्यावर माणूस फुगणार नाही तर काय करणार?

गाडी बांधायला लोक चुकतात ते एकाच ठिकाणी. स्टँडवर उभी करतात आणि वर दोर गुंडाळतात. मग रस्त्यात ती उड्या मारते, स्टँड वाकतो, गाडी आडवी. मी मेटाडोर मागे घेऊन शेताच्या उंच धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लावायला सांगितली, मध्ये फळी टाकली आणि गाडी सरळ आत ढकलली. पेट्रोलचा कॉक बंद केला, गाडी गिअरमध्ये टाकली. पुढचं चाक केबिनच्या पत्र्याला टेकवलं, मध्ये तणसानं, धानाच्या सुक्या काडानं, भरलेलं पोतं. स्टँड वर. दिवाकरला म्हटलं, बस सीटवर, दे जोर. त्याच्या वजनाने शॉकअप दबले तसे मी हँडलच्या बुडातून दोन्ही बाजूंनी दोर पुढे ओढून कसले, आणि मागून दोन. रंग घासू नये म्हणून दोराखाली आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्ट्या. दिवाकर उतरला, गाडी धरून हलवली. मेटाडोर हलली, गाडी हलली नाही. तो हसला. ते हसू खरं होतं, हे मी आजही कबूल करतो.

वरातीसाठी बस होती. मी तिच्याकडे निघालो तर दिवाकरने हात धरला. "यशवंता, एक मानूस गाडीपाशी पाहिजे ना. तू मांगं बस." नीट बांधलेल्या गाडीपाशी माणूस लागत नाही. पाच-सहा मैलांवर थांबून दोर एकदा पाहिला की झालं. हे मला त्याच्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी चढलो. वाटलं, लग्नाच्या दिवशी माणूस घाबरतो, त्याच्या जिवाला बरं वाटेल. उन्हात पत्रा तापलेला, अंगाखाली रिकामं पोतं घेऊन मी तुमसरवरून बपेऱ्यापर्यंत गेलो, आणि पुढच्या बसमधली गाणी ऐकत गेलो. अक्कल म्हणतात ती गहाण पडते ती अशी.

वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशावर पंगत बसत होती. मी हातपाय धुऊन आलो. नवरीचे काका पाहुण्यांना हाताला धरून बसवत होते, त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि दिवाकरला विचारलं, "हे पाव्हने कोन?" दिवाकर बाशिंग बांधून उभा होता, माझ्यापासून चार हातांवर. त्याने माझ्याकडे पाहिलंही. मग काकांना म्हणाला, "हे... गाडीवाले आहेत. गाडीसंगं आले."

एवढंच. आमच्या गावचे वीस-पंचवीस जण होते, सगळ्यांना मी कोण ते ठाऊक होतं. कोणी बोललं नाही. काका म्हणाले, "असं का, मंग ड्रायवरपाशी पत्रावळ पाठवतो." मेटाडोरच्या सावलीत मी आणि ड्रायव्हर जेवलो. तो बिचारा म्हणाला, "खाऊन घ्या भाऊ, आपल्या लोकायले मागून कोनी विचारत नाही." आपल्या लोकायले! मनात आलं, गाडी सोडावी आणि निघून जावं, येऊ दे नवरदेवाला पायी. पण गेलो नाही. दोर मीच सोडले, गाडी मीच पुसली, आणि तो तिच्यावर बसून मांडवात गेला. मिरवणूक संपली तसा मी किक मारली आणि त्या फुफाट्यातून थेट जवाहरनगर. दोर, पोतं, पट्ट्या, सगळं मेटाडोरमध्येच राहिलं. दारात आई उभी. "पंगतीत बसवलं ना रे चांगलं?" मी म्हटलं, "हो आई. नवरदेवाच्या शेजारी."

पंधरा दिवसांनी हा लाडू-शेव घेऊन क्वार्टरवर हजर. काही घडलंच नाही अशा थाटात. "मावशी, रस्सा आहे का?" मी त्याच्या तोंडाकडे पाहत राहिलो. आता बोलेल, मग बोलेल. दहा वर्षं तो येत राहिला, महिन्या दोन महिन्यांनी, आणि मी दहा वर्षं वाट पाहिली. "चुकलं यार," एवढे दोन शब्द. मीही विचारलं नाही. विचारलं तर तो यायचा बंद होईल, ही भीती मला होती. त्याची नाही, माझी लाज ही. शेवटचा आला तेव्हा डोळे पिवळे होते. रस्सा नको म्हणाला. जाताना फटफटीच्या सीटवर हात ठेवून उभा राहिला, बराच वेळ. मला वाटलं, आज. तो म्हणाला, "यशवंता, तुझ्यासारखी गाडी कोनी बांधत नाही..." आणि गेला. ती माफी होती की काय होतं, आता कोणाला विचारू?

नवव्या दिवशी मी आंधळगावला गेलो. त्याच्या ओसरीवर पहिल्यांदा चढलो, चाळिशीला टेकल्यावर. वहिनी बाहेर आल्या, मला निरखून पाहिलं. "तुमी... आमच्या लग्नात आलते ना? ते गाडीवाले?" मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? त्या आत गेल्या आणि दोराचं भेंडोळं घेऊन आल्या. माझा दोर. लुगड्याच्या पट्ट्यांसकट, नीट गुंडाळलेला. "हे कोनाले हात लावू देत नोते याले. म्हनत, ज्याचा आहे तो येईल तवा देजो."

"वहिनी, मी यशवंत," मी म्हटलं. "जवाहरनगरचा. दिवाकर माझ्याकडे यायचा, दर महिन्या दोन महिन्यांनी."

त्या गोंधळल्या. "जवाहरनगरले त्यायचं बियान्याचं काम राहे ना? यशवंत... नाही जी, हे नाव मी कधी ऐकलं नाही."

अरे दिवाकर, दोर दहा वर्षं जपलास. ज्याचा आहे तो, ज्याचा आहे तो... त्याला नाव होतं ना रे? बायकोपाशी, आपल्या घरात, दार लावूनही तुला ते घेता आलं नाही? माझ्या आईच्या ताटातला मुंडक्याचा तुकडा खाताना बरं तुझं तोंड उघडायचं!

दोर आता क्वार्टरमध्ये दारामागच्या खुंटीवर आहे. त्या दिवशी मी आलो तेव्हा आई दारातच बसली होती. तिने दोर पाहिला, पट्ट्या ओळखल्या. मग म्हणाली, "घरात बसवलं ना रे तुले?"

"हो आई," मी म्हटलं. "चुलीपाशी."