गाळलेला दुसरा प्रश्न

आमच्या बांधाचा तंटा मिटला त्या दिवशी आमची विहीर गेली. चुलते दर नांगरटीला बांध हातभर आमच्याकडे सरकवत आले होते. शेवटी पंच बसले. "मिटवायचं का?" असं त्यांनी विचारलं. सगळे हो म्हणाले, चुलतेही आणि माझा बापही. भांडण कोणाला हवं असतं? मागं कोणी सरायचं, हे मात्र कोणी विचारलं नाही. बांध सरकवलेल्या जागीच, आमच्या विहिरीच्या अलीकडे, राहील, असं कागदात आधीच लिहिलेलं होतं. बाला वाचता येत नव्हतं. त्यानं अंगठा दिला.

त्या सालापासून आईबाप ऊसतोडीला जाऊ लागले आणि मी परभणीला वसतिगृहात आले. मला सोडायला आला तेव्हा बा एवढंच म्हणाला, "लेकी, मोठी हो का नको होऊ. पण कोऱ्या कागदावर सही करू नको, अन् न वाचता तर नकोच नको."

घरातली पहिली पदवी माझी, पुढे पुण्याला जाऊन घेतलेली. विषय रशियन. रशियनला जागा रिकाम्या होत्या म्हणून मिळाला, हे खरं. पहिल्या वर्गात पास झाले, हेही खरं. त्याच भाषेनं मला कुवेतला आणलं, मिरकाबमधल्या भाषांतराच्या एका ऑफिसात. ऑफिसचे प्रमुख पुण्याचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, "सर नको, दादा म्हण." दिवाळीला घरी जेवायला बोलावलं, वहिनींनी डबा भरून दिला. इतक्या लांब कोणीतरी आपलं आहे, याचा मला फार आधार वाटायचा. बाला फोनवर मी तसं सांगितलंही होतं.

रशियन वर्तमानपत्रं आणि लोकांच्या मतांच्या पाहण्या आम्ही व्यापारी गिऱ्हाइकांसाठी इंग्रजीत करून देतो. रशियानं युद्ध सुरू केल्यापासून सगळ्यांचा प्रश्न एकच, हे थांबणार कधी? बाहेरून गहू आणणाऱ्या एका कुवेती व्यापाऱ्यानं रशियातल्या लोकांचं मत काय ते मागवलं होतं. पाहणीत माझ्या लक्षात राहिलेले प्रश्न दोन होते. शांततेची बोलणी व्हावीत का? बहुतेकांचं उत्तर होतं, व्हावीत. त्यासाठी घेतलेला मुलूख परत द्यावा का? बहुतेकांचं उत्तर होतं, नाही. मी दोन्ही नीट उतरवले आणि गुरुवारी दोन पानं दादांच्या टेबलावर ठेवली.

गुरुवारी आमच्याकडे आणखी एक काम असायचं. भाषांतर मूळ मजकुराशी ताडून पाहिलं आहे, अशी प्रमाणपत्रं असतात. शुक्रवार-शनिवार सुट्टी, तेवढ्यात काही घाईचं आलं तर अडू नये म्हणून आम्ही ती कोरी असतानाच त्यांवर सह्या करून ठेवायचो. पहिल्यांदा माझा हात थांबला होता. दादा म्हणाले होते, "अगं, मी आहे ना." मग पुढे कधी थांबला नाही. त्या गुरुवारीही मी पाच कोऱ्या कागदांवर सही केली.

शुक्रवारी सकाळी हवल्लीतल्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर चहाला गेले. तिथं एक रशियन बाई राहतात. त्यांनी सीरियन नवरा केलाय. माझे रशियन उच्चार त्याच सुधारतात, वर जाम खायला घालतात. सहज म्हणून त्यांना पहिला प्रश्न विचारला.

"बोलणी? आजच व्हावीत," त्या म्हणाल्या. "माझा भाचा तिकडे लढतोय."

"आणि घेतलेलं परत द्यायचं का?"

त्यांनी कप खाली ठेवला. "का द्यायचं? मग तो काय उगाच गेला?"

"पण मग समोरचे बोलायला कशाला येतील?"

"ते तुला नाही कळायचं. आणि हे बघ, फोनवर कोणी अनोळखी माणसानं विचारलं ना, तर मी यातलं काहीच सांगणार नाही. जाम घे."

जाम घेतला. इतकी मायाळू बाई माझ्या चुलत्यांसारखं बोलली होती.

रविवारी ऑफिसात गव्हाच्या व्यापाऱ्याला गेलेल्या अहवालाची प्रत पाहिली. पान एकच. वर ठळक मथळा, रशियन जनतेला शांतता हवी आहे. खाली पहिला प्रश्न. दुसरा नव्हता. मागे प्रमाणपत्र जोडलेलं आणि त्यावर माझी सही.

मी कागद घेऊन दादांच्या केबिनमध्ये गेले.

"दादा, दुसरा प्रश्न कुठाय?"

"क्लायंटला एकच पान लागतं. बातमी चांगली दिली की वर्षभराचं काम आपलं. यात खोटं काय आहे?"

"माझ्या बाच्या कागदातही खोटं काही नव्हतं."

"आता तुझा बा कुठून आला मध्येच? तुम्हा लोकांना भावुक व्हायला काहीही पुरतं."

"तुम्हा लोकांना म्हणजे कोणाला, दादा?"

ते म्हणाले, "तुझा इकामा या ऑफिसचा आहे, एवढं लक्षात ठेव."

इकामा म्हणजे इथं राहण्याचा परवाना. तो गेला तर मी परत परभणीला. पण राग त्या धमकीचा नव्हता. मला जेवायला वाढणाऱ्या माणसानं माझी सही प्रश्न गाळलेल्या कागदाला लावली होती, आणि ती त्याच्या हातात मीच दिली होती. बानं घालून दिलेली एकच गोष्ट मला पाळता आली नव्हती.

मी म्हटलं, "दोन्ही पानं आज गेली पाहिजेत. नाहीतर ही सही कोऱ्या कागदावरची आहे, असं मी त्यांना लिहून कळवते. इकाम्याचं तुम्ही बघा."

"शिकवलं कोणी गं तुला हे?"

"अंगठेबहाद्दरानं."

उरलेले चार कागद मी त्यांच्यासमोर फाडले. त्यांनी दुपारपर्यंत वाट पाहायला लावली. मग दोन्ही पानं नव्या प्रमाणपत्रासह सहीसाठी माझ्यापुढे टाकली.

इकामा त्यांनी काढून घेतला नाही. वहिनींचा डबा बंद झाला आणि मी त्यांना पुन्हा सर म्हणू लागले. गुरुवारच्या सह्या बंद झाल्या.

त्या दुपारी व्यापाऱ्याकडे दोन्ही प्रश्न गेले. खाली माझी सही होती, आणि ती मी वाचून केली होती.