हात जिथवर गेला

माझा नातू गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. कसा गेला ते आजवर कोणी धड सांगितलेलं नाही. मी चौथी शिकलेली बाई, डॉक्टरांचं लिहिणं मला वाचता येत नाही. जे डोळ्यांनी पाहिलं आणि हाताला लागलं तेवढंच लिहिते.

आम्ही आखातात दुखानला राहतो. धाकटा मुलगा तेलाच्या कंपनीत इंजिनिअर आहे. नवरा गेल्यावर त्याने मला नाशिकहून इकडे आणलं. नातवाला मराठी सगळं कळायचं, पण बोलायचा इंग्रजीत. मी मराठीत ओरडायचे, तो इंग्रजीत उलट उत्तर द्यायचा, आणि भांडण व्यवस्थित चालायचं. फार गुणाचा होता असं आता सगळे म्हणतात. तसा काही नव्हता. आळशी होता, थापा मारायचा. मला आवडायचा.

एका शुक्रवारी दुपारी तो आणि कॉलनीतला त्याचा मित्र समुद्रावर गेले. मित्र त्याच्याच वर्गातला, केरळच्या ख्रिस्ती घरातला. संध्याकाळी दोघेही परतले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याच्या कडेला सापडले. इथल्या डॉक्टरांनी तपासून लिहिलं की बुडून मेले. तो समुद्र मी पाहिलेला आहे. कितीही आत चालत जा, पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. नातू क्लबच्या तलावात लहानपणापासून पोहायचा. मित्राचा फोन शेवटपर्यंत मिळाला नाही. सून पहिल्या दिवसापासून हेच बोलत होती. ऐकायला बसलेले लोक मान हलवायचे आणि तिला चहा पुढे करायचे.

आमच्यातली बहुतेक माणसं गेलेल्याला गावी नेतात. पोलिसांनी सोडल्यावर आम्हीही नेलं. विमानाने न्यायचं तर शरीरात औषध भरावं लागतं आणि पेटी बंद करून देतात. पेटी नाशिकला दारात उतरली तेव्हा सून म्हणाली, अग्नी देण्याआधी नाशिकच्या डॉक्टरांकडून पुन्हा तपासून घेऊ. माझा थोरला मुलगा तिला म्हणाला, "अजून किती फाडायचं त्याला?" पोराचा बाप भिंतीकडे तोंड करून उभा होता. सुनेने मग हट्ट सोडला. त्याच दुपारी अग्नी दिला.

आमच्याकडे गेलेल्याला तेल लावून आंघोळ घालतात. पेटी उघडायला आलेला माणूस म्हणाला, आजी, याला पाणी घालता येणार नाही, औषध भरलंय. मी म्हटलं, तेल तरी लावू दे. वाटीत तेल घेतलं आणि त्याच्या डोक्याशी बसले. वासाने डोळे चुरचुरत होते. मागून पुरुष मंडळी आवरा, आवरा करत होती. कपाळाला लावलं, पुढच्या केसांना लावलं. डोक्यावरून एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत तपासणीत घातलेले जाड दोऱ्याचे टाके होते, तिथे बोट अडखळलं. डोकं जड होतं. मला उचलवलं नाही.

मित्राच्या घरच्यांनी केरळमध्ये त्यांच्या मुलाला पुरलं होतं. पुढे त्याच्या बापाने खटपट करून त्याला पुन्हा वर काढून तपासायला लावलं. तिथला डॉक्टर म्हणाला, डोक्याच्या मागे मार आहे आणि तो जिवंतपणीचा आहे. मग आणखी मोठ्या डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, मार मेल्यानंतरचा, पेटी हलवताना लागला असेल. औषधामुळे आता नक्की काही सांगता येत नाही, असंही म्हणाला. दुखानचे पोलीस पहिल्याच कागदावर ठाम राहिले. केरळचे म्हणाले, आमच्या हद्दीत घडलेलं नाही.

मित्राचा बाप एका दुपारी दुखानला आमच्याकडे आला. मोडक्या हिंदीत समजावत होता, पण मुद्दा लख्ख होता. एकाच डोक्याला मार असला तर पेटीचा धक्का म्हणून सोडून देतील. दोन्ही डोक्यांना एकाच जागी असला तर कोणालाही तसं म्हणता येणार नाही. आमचं डोकं जळून गेलं होतं. इथल्या तपासणीनंतर त्या डोक्याला हात लावलेली घरची मी एकटी. त्याला वकिलासमोर माझ्याकडून एक वाक्य हवं होतं, की मागे सूज हाताला लागली.

मी म्हटलं, टाके लागले. सूज लागली की नाही, ठाऊक नाही. मागे हात गेला नाही.

त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. चहा तसाच ठेवून तो गेला. वाईट माणूस नव्हता. जाताना माझ्या पाया पडला, ते मला जास्त लागलं.

दार लावून सून माझ्याकडे वळली. म्हणाली, "आई, एरवी तोंडाला येईल ते बोलता. एवढं एक वाक्य तुमच्याच्यानं झालं नाही?"

"वाक्य झालं असतं," मी म्हटलं. "पण मग तुला खरं कधी कळलं असतं का? माझंच वाक्य तुला आयुष्यभर खरं धरावं लागलं असतं."

"निदान काहीतरी धरायला मिळालं असतं."

त्यानंतर बरेच दिवस ती माझं ताट वाढून ठेवायची आणि आत निघून जायची. मी जेवायचे. मुलगा मधे पडला नाही. केस खलास झाली, असं तो फोनवर कोणाला तरी सांगत होता. त्याला दोह्याला बदली मिळत होती, तिने नाही म्हटलं. तो समुद्र सोडून ती हलणार नव्हती.

एकदा दुपारी मुलगा कामावर असताना ती माझ्या खोलीत आली आणि माझ्याकडे पाठ करून खाली बसली. केसांचा चिमटा काढला.

"दाखवा," म्हणाली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. कपाळावरून केसांत नेला. या कानापासून त्या कानापर्यंत टाके कुठून कुठे होते ते बोटाने दाखवलं. कपाळ गार होतं, खरचटलेलं नव्हतं, हेही सांगितलं. हात तिथेच थांबवला.

"आणि मागे?"

"मागे हात गेला नाही."

तिने मान हलवली नाही. माझे गुडघे दुखत होते, तरी हात काढला नाही. मग म्हणाली, पुन्हा सांगा. मी पुन्हा सांगितलं.

आता ती अधूनमधून येऊन बसते. दर वेळी मी तेवढंच सांगते. एक शब्द वाढवत नाही.