बाबांना न सापडलेली भांडवलशाही

बाबा अमेरिकेला आले ते व्याख्यान लिहूनच.

कोल्हापुरात आमच्या पेठेत दर डिसेंबरात व्याख्यानमाला भरते, आणि अमेरिकेहून परतलेल्या प्रत्येक ज्येष्ठ नागरिकाला तिथे एक संध्याकाळ द्यायची प्रथा आहे. बहुतेक जण धबधबा, तो मोठा पुतळा आणि रस्त्यांची स्वच्छता यांवर बोलतात आणि शेवटी ‘पण आपला देश तो आपला’ म्हणून खाली बसतात. बाबा सरकारी छापखान्यातून निवृत्त झालेले, जन्मभर युनियनचे सरचिटणीस. ते असं काही बोलणं शक्यच नव्हतं. त्यांनी विषय दिला, ‘अमेरिकन भांडवलशाही : मी स्वतः पाहिलेली’. पत्रिका आधी छापून झाली, व्हिसा नंतर मिळाला.

माझ्या घरी, मॉरिसव्हिलला, उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला भाषण वाचून दाखवलं. सुरुवात जोरदार, शेवट त्याहून जोरदार. मध्ये मात्र जागा सोडलेल्या. ‘एका दुकानात मी स्वतः पाहिले की’ एवढं लिहून पुढे अर्धं पान कोरं. हे काय, असं मी विचारलं तर म्हणाले, तिथे उदाहरणं भरायची आहेत, जुलै ते नोव्हेंबर हातात आहे की. निष्कर्ष आधी आणि पुरावा मागाहून ही पद्धत मी सॉफ्टवेअरमध्ये रोज बघते, त्यामुळे गप्प बसले. आई गेल्यापासून त्यांना इतक्या उत्साहात मी पाहिलं नव्हतं, हेही एक कारण होतं.

पहिल्यांदा त्यांना लायब्ररीत नेलं. त्यात वैचारिक हेतू काही नव्हता. मला ऑफिसचं काम होतं आणि त्यांना कुठेतरी बसवायचं होतं. काउंटरवरच्या बाईंनी त्यांना कार्ड करून दिलं. बाबांनी पाकीट काढून डिपॉझिट किती ते विचारलं. डिपॉझिट नव्हतं. वर्गणी नव्हती. एका वेळी किती पुस्तकं, तर हवी तितकी. वर त्या बाईंनी विचारलं, ज्येष्ठांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग आहे, तोही मोफत, नाव घालू का? बाबा मला कोपऱ्यात घेऊन गेले आणि यात कंपनीचा फायदा काय, असं विचारू लागले. मी सांगितलं, कंपनी नाहीच, काउंटी, म्हणजे इथला जिल्हा चालवतो, आपल्या टॅक्सवर.

“म्हणजे सरकारी,” ते म्हणाले. ताटातला लाडू कुणी उचलून न्यावा तसा त्यांचा चेहरा झाला.

मग खुर्चीचं प्रकरण झालं. त्यांच्या कमरेसाठी मी एक खुर्ची आणली होती. तीन आठवडे बसल्यावर ती करकरायला लागली, म्हणून परत करायला निघाले. बाबांनी मला अडवलं. वापरलेली वस्तू परत करायची म्हणजे सरळ बेशरमपणा, दुकानदार चार माणसांत पाणउतारा करील. मी ऐकत नाही म्हटल्यावर गाडीत बसले खरे, पण दुकानाशी पोचल्यावर उतरले नाहीत, तोंड पलीकडे करून बसून राहिले. आतल्या मुलीने खुर्चीकडे पाहिलंसुद्धा नाही. पैसे कार्डावर जमा केले आणि दिवस चांगला जावो म्हणाली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, मालक लोक असे वागायला लागले तर कामगारांनी चिडायचं कशावर?

आणि अर्धं पान कोरंच राहिलं.

ऑगस्टात त्यांनी घरामागच्या लाकडी डेकच्या कठड्यावर आपला पंचा वाळत घातला. आमच्या वसाहतीची एक असोसिएशन आहे. बाहेर कपडे वाळत घालायचे नाहीत, दाराला कमिटीने ठरवलेल्या चार रंगांपैकीच रंग द्यायचा, कचऱ्याचा डबा अमुक वेळेआधी बाहेर काढायचा नाही, असे तिचे नियम. बाबांना वाटलं होतं, खासगी मालमत्ता म्हणजे मालकाची मर्जी. घर स्वतःचं, कठडा स्वतःचा, पंचा तर स्वतःचाच, आणि वाळवायला कमिटीची परवानगी. त्यांनी आयुष्य कमिट्यांत काढलं होतं, पण इतकी हिंमत त्यांच्या कुठल्याच कमिटीची झाली नव्हती.

हा नियम सांगायला शेजारचे अमेरिकन आजोबा आले होते. हे मूळचे शेतकरी. आता जमीन पुतण्याला कसायला देऊन इथे एकटेच राहत होते. कमिटी तक्रार करायच्या आत आपण सांगावं, एवढाच त्यांचा हेतू होता. या कमिटीचा त्यांना बाबांहून जास्त संताप. हा शुद्ध कम्युनिझम आहे, असं ते म्हणाले. बाबांना ते लागलं. पंचा वाळवायला कम्युनिझमची कधीच ना नव्हती, हे त्यांनी छापखान्यातल्या इंग्रजीत, म्हणजे स्पेलिंग अचूक आणि उच्चार स्वतःचे, अशा भाषेत ठासून सांगितलं.

त्या दिवसापासून दोघं रोज सकाळी तळ्याभोवती फिरायला जाऊ लागले. मी कधीकधी दुभाषी म्हणून जायची. बाबा खूश होते, कारण अखेर एक जातिवंत भांडवलवादी हाती लागला होता. आजोबा छाती काढून सांगायचे की आपण आयुष्यात सरकारचा एक पैसा घेतला नाही, जे केलं ते स्वतःच्या मनगटावर. बाबांनी युनियनच्या पद्धतीने उलटतपासणी सुरू केली. पीक बुडालं तर? विमा असतो. हप्ता कोण भरतं? थोडा आम्ही, बाकीचा सरकार. औषधपाणी? पासष्टीनंतर सरकारी योजना. पेन्शन? दर महिन्याला येते, सरकारकडूनच, पण तो माझा हक्क आहे.

हक्क हा शब्द ऐकून बाबा चालता चालता थांबले.

“यू आर मोर कॉम्रेड दॅन मी,” ते म्हणाले.

आजोबा इतके हसले की तळ्यातली बदकं लांब गेली. त्यानंतर ते बाबांना कॉम्रेडच म्हणायचे. बाबा घरात त्यांचा उल्लेख ‘आपले भांडवलदार’ असा करायचे. पुतण्याच्या शेतातली पिशवीभर रताळी भांडवलदारांकडून यायची आणि कॉम्रेडकडून कीस होऊन परत जायची. भाषणाचे कागद टेबलावर तसेच. बाबा आता थोडे घाबरले होते. पहिल्या रांगेत युनियनचे जुने लोक बसणार, ज्यांच्यासमोर त्यांनी सारी हयात या एका विषयावर भाषणं ठोकली, आणि आता स्वतः पाहून आल्यावर सांगायला काय, तर खुर्ची परत घेतली? मला हसू यायचं. अशाने तुमचं व्याख्यान धबधब्यावरच करावं लागेल, असं मी चिडवायची.

ऑक्टोबरात एका सकाळी ऑफिसची मीटिंग लागली. विषय फक्त ‘अपडेट’. मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसले, बाबा मागे पोह्यांना फोडणी देत होते. माझा मॅनेजर आलाच नव्हता. एचआरच्या बाई कागद वाचल्यासारख्या बोलल्या, थँक यू म्हणाल्या, आणि स्क्रीन काळी झाली. मग कंपनीचा लॅपटॉप आपोआप बंद पडला. मोहरी अजून तडतडत होती.

मीटिंग आज लवकर संपली, असं बाबा म्हणाले.

“बाबा, मला काढलं.”

त्यांनी गॅस बंद केला. नोटीस कुठे आहे, चौकशी कधी झाली, आरोप काय, असं सगळं त्यांनी रीतसर विचारलं. मी सांगितलं, आरोप नाही. कंपनीला फायदा झालाय, पण ठरवला होता तेवढा नाही. युनियनला कळवलंस का, हेही त्यांनी विचारलं. आमच्यात युनियन नसते म्हणताना मला रडू फुटलं. भीती तर वाटलीच, पण त्याहून लाज वाटली, वडिलांच्या देखत शाळेतून नाव कमी व्हावं तशी. ते उलथनं हातात धरून नुसते उभे होते. अकराशे लोकांचा संप चालवलेला माणूस, आणि हाताशी एक घोषणासुद्धा नव्हती.

दुपारी आजोबा आले. मी दोघांना व्हिसाचं समजावून सांगितलं. माझा व्हिसा नोकरीशी बांधलेला, त्यामुळे माझ्याकडे दोन महिने. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने सरकारकडे माझ्यासाठी अर्ज केला तर ठीक, नाहीतर देश सोडायचा. तोवर मला टॅक्सी चालवता येणार नाही, वडापाव विकता येणार नाही.

“कुणी घ्यायला तयार असलं तरी?” बाबांनी विचारलं.

“तरी. आधी सरकार.”

मग बाबा उठून उभे राहिले आणि अशा आवेशाने बोलले की भिंतीपलीकडे ऐकू गेलं असेल. ही कसली भांडवलशाही? माणसाला आपले श्रम बाजारात कुठेही, कुणालाही विकायची मोकळीक हवी, सरकार कोण मधे पडणार? मी भाषांतर केलं. आजोबांनी मान हलवली. त्यांचं म्हणणं, व्हिसाचं सोड, पण फायद्यात असलेल्या कंपनीने माणसं काढायची म्हणजे काय? सरकारने कायदा करून हे बंद केलं पाहिजे. तेही भाषांतर मी केलं. दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं, आपण कुठे येऊन पोचलो ते कळल्यासारखं, आणि मी डोळे पुसता पुसता हसत सुटले.

संध्याकाळी भाषणाचे कागद मीच त्यांच्या पुढ्यात ठेवले. म्हटलं, घ्या तुमचं उदाहरण. असं उदाहरण शोधून मिळणार नाही, खुशाल सांगा, मला चालेल.

“पोहे गार झालेत, गरम करून देतो,” ते म्हणाले.

नोव्हेंबरअखेर ते परतले. जायला ते तयार नव्हते. पत्रिका छापलेली आहे असं सांगून मी ढकललं. माझ्या मुलाखती चालू होत्या, हो किंवा नाही कुठूनच येत नव्हतं. विमानतळावर आजोबांनीच सोडलं. गाडीत मागच्या सीटवर बसून बाबा कोऱ्या जागांवरून बोट फिरवत होते.

व्याख्यान तिथे संध्याकाळी, म्हणजे आमच्याकडे सकाळी होतं. व्याख्यानमालेच्या मंडळाने ते फोनवर थेट दाखवलं. आजोबा कॉफी घेऊन आले आणि एक शब्द कळत नसताना माझ्या शेजारी बसून राहिले. बाबांनी लायब्ररी सांगितली, खुर्ची सांगितली, पंचा सांगितला, तेव्हा हशा झाला. आपल्या एका शेतकरी मित्राबद्दल ते इतका वेळ बोलले की पहिली रांग चुळबुळायला लागली. शेवटी म्हणाले, मी पाच महिने शोधली, मला भांडवलशाही काही सापडली नाही. जोरदार शेवट त्यांनी वाचलाच नाही. टाळ्या बेताच्याच पडल्या.

मग प्रश्नोत्तरं. पहिल्या रांगेतले युनियनचे एक काका उठले. त्यांना हे पटणारच नव्हतं. म्हणाले, तिथे म्हणे खासगी कंपन्या सकाळी एका फोनवर माणसाला कामावरून काढतात, कारण विचारायची सोय नाही. असं काही पाहिलंत का?

बाबांनी पाण्याचा ग्लास उचलला, घोट घेतला आणि जागेवर ठेवला. बाबांना खोटं बोलताना मी उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं.

“ऐकलंय,” ते म्हणाले. “पण मी स्वतः पाहिलेलं नाही.”

काकांनी मुलीची खुशाली विचारली. बाबा म्हणाले, मजेत आहे, नोकरी उत्तम चाललीय.

आजोबांनी विचारलं, कॉम्रेड काय म्हणाला, सापडली का त्याला? मी नाही म्हटलं. त्यांनी कॉफीचा कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, मग त्याला पुन्हा यायला सांग.