तेवीस नंबरची जागा

निसर्गाला नापास करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. बाकीचे लोक नदी, डोंगर, सूर्यास्त वगैरे दिसला की मान डोलावतात, फार तर फोटो काढतात. खडकीचे काका आधी चष्मा पुसत, मग दोन पावलं मागे सरत आणि म्हणत, "बघू या." ते 'बघू या' इतक्या संशयाने म्हटलेलं असे की मी सूर्य असते तर मावळण्यापूर्वी आपले कागद नीट आहेत ना, हे एकदा पाहून घेतलं असतं.

ते माझे नातेवाईक नव्हेत. कसबा पेठेत आमचं वह्या-पुस्तकं बांधण्याचं दुकान आहे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अब्बांनी, ते सुरू केलं. अब्बा गेले, मग माझा नवरा गेला, मुलगी लग्न होऊन सोलापूरला गेली आणि दुकान माझ्याकडे राहिलं. काका त्या दुकानाचे गिऱ्हाईक. त्यांचा सारा जन्म खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात तपासनीस म्हणून गेला. दुसऱ्याने केलेली वस्तू हातात घ्यायची, मापून बघायची आणि तिच्यावर खडूने बरोबरची खूण नाहीतर फुली करायची, एवढंच काम. नोकरी संपली, पण हात थांबला नाही. दुकानात पहिल्यांदा आले तेव्हा मी बसायला दिलेलं स्टूल त्यांनी उलटं केलं, चारही पाय पाहिले, एक जरा दाबला आणि उभेच राहिले. त्या स्टुलावर मी कित्येक वर्षं बसत होते. पुढच्याच आठवड्यात ते मोडलं. नवीन स्टूल आणलं, ते मात्र तपासून काका त्यावर बसले. हॉटेलात चहा आला की कप उजेडाकडे धरत. मंडईत एकेक वांगं देठापासून फिरवून बघत. एकदा भाजीवाली म्हणाली, "काका, घ्यायचं तर घ्या. त्याचं लग्न नाही लावायचं आपल्याला." काकांनी ते वांगं परत ठेवलं आणि शांतपणे सांगितलं, "लग्न लावायचं असतं तर चाललं असतं. हे खायचंय."

पण हे सगळे हाताचे चाळे. त्यांचं खरं काम रविवारी असे. शिरूरच्या पुढे कुकडी नदीने काळा कातळ कोरून एक घळ केली आहे. पाणी खाली अरुंद फटीतून जातं आणि दोन्ही बाजूंच्या खडकाला रांजणासारखे खळगे पडले आहेत. काही वाटीएवढे, काही इतके खोल की आत माणूस उभा राहिला तर त्याची शेंडीही दिसू नये. लोक तिथे येतात, देवीचं दर्शन घेतात, डबे खातात, खळग्यात वाकून एकमेकांना हाका मारतात आणि परत जातात. काका आणि काकू वर्षानुवर्षं दर उन्हाळ्यात रविवारची पहिली एसटी धरून तिथे जात आणि त्या घळीत उभं राहून बघण्यासारख्या जागा तपासत. सगळ्या मिळून तेवीस. प्रत्येकीला नंबर.

तपासणीची पद्धत कारखान्यातली. एका माणसाचा शब्द तिथे धरत नसत. दोघांनी वेगवेगळं तपासायचं, एकमेकांच्या कागदात बघायचं नाही. म्हणून जागेवर दोघांनी एकामागून एक पंधरा मिनिटं उभं राहायचं, बोलायचं नाही, मग काय दिसलं ते आपापल्या चिठ्ठीवर लिहून पाकिटात बंद करायचं. दोन्ही पाकिटं एकदम उघडायची. मुख्य गोष्ट जुळली तर जागा पास, नाही जुळली तर रिजेक्ट. मी एकदा म्हटलं, "काका, माणसांचं जुळलं नाही तर त्यात दगडाचा काय दोष?" ते म्हणाले, "दोन माणसांना एक गोष्ट दाखवता येत नसेल तर ती जागा कसली?" चार नंबरची जागा रिजेक्ट झाली, कारण काकांनी अर्धा कागद भरून पाण्याचा हिरवा रंग लिहिला होता आणि काकूंनी लिहिलं होतं, 'समोरच्या बाईचा पदर काट्याला लागून फाटलाय, तिला अजून पत्ता नाही.' अकरा नंबर पास, कारण दोघांच्याही चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'शेळी'. बावीसपैकी नऊ जागा पास झाल्या होत्या. काका सांगत की कारखान्याच्या मानाने हे प्रमाण फार वाईट आहे, पण नदीवर बंधन घालता येत नाही.

या सगळ्या चिठ्ठ्या एका जाड वहीच्या पानांवर चिकटवलेल्या होत्या. पानं सुटी झाली म्हणून ती बांधून घ्यायला काका माझ्याकडे आले. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "पानं पुरी आहेत ना? एकदा शिवली की मध्ये काही घालता येणार नाही." त्यांनी वही उचलली, म्हणाले, "अजून एक राहिलंय," आणि घेऊन गेले. वर्षभराने परत आणली, परत नेली. असं तीन वर्षं चाललं. चौथ्यांदा आणली तेव्हा मी म्हटलं, "काका, ही वही आहे की जावई? येते, बसते आणि जाते." तेव्हा त्यांनी शेवटच्या पानातलं पाकीट दाखवलं. चिकटवलेलं, न उघडलेलं, वर काकूंच्या अक्षरात २३.

झालं होतं असं. तेवीस नंबरची जागा म्हणजे पलीकडच्या काठावरचं टेकाड. त्या रविवारी खाली सपाट खडकावर एक मंडळ भज्यांच्या कढया खळग्यात धूत होतं. काका त्यांच्याशी भांडायला थांबले. काकांचं भांडण म्हणजे आवाज चढवणं नव्हे. ते समोरच्याला त्याची चूक क्रमाने समजावून सांगत, आणि मध्येच त्याने तोंड उघडलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. काकू तासभर थांबल्या, मग एकट्या टेकाडावर जाऊन आल्या, चिठ्ठी लिहिली, पाकीट बंद केलं. तोवर एसटीची वेळ झाली. "तुमची पुढच्या रविवारी," काकू म्हणाल्या. पुढच्या रविवारापर्यंत त्या राहिल्या नाहीत. गुरुवारी सकाळी भाजी निवडता निवडता गेल्या.

"मग उघडून वाचा की," मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना खोटी सही करायला सांगितली होती. "माझी चिठ्ठी झाल्याशिवाय ते उघडता येत नाही." मग जाऊन लिहून का आणत नाही, हे विचारायची मला गरज नव्हती. ती लिहिली की काकूंकडून नवीन काही ऐकायचं शिल्लक राहणार नव्हतं. पण आता डावा गुडघा झिजला होता. डॉक्टरांनी या उन्हाळ्यानंतर चढ बंद म्हणून सांगितलं होतं. "या वर्षी नाही तर नाही," काका म्हणाले, आणि मग वहीकडे बघत, "एकट्याने जायचं नियमात बसत नाही. मेहुण्याला घेऊन गेलो होतो मागे, सरावासाठी. त्याने चिठ्ठीवर कविता लिहिली."

मी कविता लिहीत नाही, हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, "रोजे चालू आहेत. ते संपू द्या." ते म्हणाले, "अर्थात. उपाशी साक्षीदार चालत नाही." ईद झाल्यावर पहिल्या रविवारी आम्ही निघालो. बसमध्ये त्यांनी मला नियम पुन्हा सांगितले, पेन्सिल दिली आणि पेन्सिलीचं टोक तपासून परत घेतली, दुसरी दिली.

टेकाड तसं छोटंच, पण आम्हाला पाऊण तास लागला. मी हात पुढे केला की ते म्हणत, "राहू द्या, तुमचा तोल जाईल." वर पोहोचल्यावर काकांनी टोपी काढून दगडावर ठेवली. लिहायच्या वेळी ते नेहमी टोपी काढत. पंधरा मिनिटं उभे राहिले. मग बसून पानभर लिहिलं, पाकिटात घातलं, चिकटवलं आणि लगेच चाकूने उघडलं, कारण नियम नियम असतो. मग काकूंचं पाकीट उघडलं. आतला मजकूर दोन-तीन ओळींचा असावा. काकांनी तो बराच वेळ वाचला.

"जुळतंय?" मी विचारलं.

"नाही."

"मग रिजेक्ट का?"

"जागेची चूक नाही," काका म्हणाले. "मी चुकीच्या ठिकाणी उभा आहे." चिठ्ठी घडी करून त्यांनी खिशात ठेवली. "बाई, तुम्ही इथेच थांबा. मी खाली त्या सपाट खडकावर जातो. पोहोचलो की हात करीन. तिथून पंधरा मिनिटं, मग लिहा."

"काका, गुडघा."

"गुडघा माझा आहे," ते म्हणाले आणि निघाले.

मी उठून चार पावलं त्यांच्या मागे गेले, मग थांबले. त्या माणसाला आज कुणी धरून न्यायचं नव्हतं. टेकाडावर मी एकटी बसले. तशी मी घरीही एकटीच असते, पण तिथे काम असतं. इथे नुसतं बघायचं होतं. खाली नदी त्या फटीतून जात होती, वर तिचा आवाजसुद्धा येत नव्हता. मला वाटलं, तासभर वाट पाहून काकू इथे एकट्या आल्या असतील तेव्हा त्यांना राग आला असेल का. मला आला असता. अर्ध्या तासाने काका खडकावर पोहोचले, हात वर केला आणि ताठ उभे राहिले, पासपोर्टचा फोटो काढायला राहतात तसे. आज तिथे दुसरं कुणी नव्हतं. एवढ्या काळ्या कातळावर एक पांढरा सदरा. मी पंधरा मिनिटं पाहिलं आणि जे दिसलं ते लिहिलं. मग त्यांना पुन्हा चढावं लागू नये म्हणून मीच खाली उतरले.

काकांनी माझी चिठ्ठी घेतली, आधी स्वतः वाचली, मग खिशातली काढून दोन्ही माझ्यासमोर धरल्या. मी लिहिलं होतं, 'पाणी. दगड. काका. टोपी वरच विसरून गेले. ऊन लागेल.' काकूंनी लिहिलं होतं, 'पाणी, खडक आणि आमचे हे. अजून भांडताहेत. टोपी माझ्याच पिशवीत राहिली. ऊन लागेल.'

मी पिशवीतून टोपी काढून दिली. त्यांनी ती घातली, जरा वेळ नदीकडे तोंड करून उभे राहिले. मी चपलेतला खडा काढायचं काम काढलं.

"भांडण नाही जुळत," शेवटी ते म्हणाले.

"मग?"

"ते किरकोळ. तेवढी सूट असते." आणि खिशातून खडू काढून त्यांनी दोन्ही चिठ्ठ्यांच्या मागे बरोबरची खूण केली. माझ्या चिठ्ठीवरची जरा वाकडी आली.

येताना बसमध्ये ते वही मांडीवर घेऊन बसले होते. माझ्या हातात देताना म्हणाले, "आता पानं पुरी आहेत. कधी मिळेल?" मी म्हटलं, "गुरुवारी." ते म्हणाले, "घाई नाही."

अब्बांच्या काळापासून आमच्याकडे कोणाची वही गुरुवारची शुक्रवारवर गेलेली नाही. ही मी वेळेत शिवली, पुठ्ठे चढवले, पाठीला खळीने कापड लावलं आणि दाबाखाली ठेवली. काका गुरुवारी आले, वही दाबातून काढवून घेतली, कण्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "खळ अजून ओली आहे." शनिवारी आले तेव्हाही ओली होती. मंगळवारी जरा ओली होती. असे ते सबंध उन्हाळा दिवसाआड येत राहिले. बसत, चहा घेत, माझ्या दुसऱ्या गिऱ्हाइकांच्या वह्यांमधले दोष मला सांगत आणि उठताना कण्यावरून बोट फिरवत. उन्हाळ्यात खळ एका दिवसात दगडासारखी होते, हे मला जन्मभर ठाऊक आहे, आणि तीस वर्षं तपासनीस असलेल्या माणसाच्या बोटाला ते कळत नसेल असं नाही.

"ओली आहे ना?" ते विचारत.

मी हात पुसून येई, त्याच जागी बोट लावून बघे आणि म्हणे, "हो. ओलीच आहे."